गाण्याचे सोबती

गाणे संपले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात काय उरते? चाल उरते, एखादा शब्द उरतो, गाणाऱ्याचा आवाज कानांत रेंगाळतो. त्या आवाजामागे बासरी होती की सतार, तबला होता की ढोलकी, असे विचारले तर पुष्कळांना सांगता यावयाचे नाही. लग्नाच्या पंगतीत जेवण उत्तम झाले की यजमानाची वाहवा होते. चुलीपुढे घामाघूम झालेल्या आचाऱ्याची आठवण कोणास होत नाही. वाद्यांचेही तसेच आहे. ती योग्य असली म्हणजे त्यांच्याकडे लक्षही जात नाही. परंतु चुकीचे वाद्य चुकीच्या जागी वाजले, की दुधात मिठाचा खडा पडावा तसे सारे गाणे नासते.

मराठीत वादकाच्या या कामाला फार सुंदर शब्द आहे. गायकाबरोबर वाजविणे म्हणजे 'साथ' करणे. साथ हा शब्द मुळात वाटेवरच्या सोबतीचा. चांगला सोबती आपल्या पुढे धावत नाही, मागेही रेंगाळत नाही. वाटेत काळोख दाटला तर तो दोन शब्द बोलून धीर देतो, आणि आपल्याला बोलावयाचे असेल तेव्हा मुकाट्याने ऐकत चालतो. गाणे ध्वनिमुद्रित करावयाचे ठरले म्हणजे संगीतकारापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो हाच: या गाण्याला सोबती कोण द्यावा?

मैफलीत हा प्रश्न इतका बिकट नसतो. कल्याणचा गायन समाज १९२६ साली स्थापन झाला. अशा संस्थांच्या दिवाणखान्यांतून गाणे ऐकत वाढलेल्या रसिकांना साथीची मांडणी पाठ झालेली असे. मागे दोन तंबोरे, एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला पेटी किंवा सारंगी. साथ जरा वरचढ होऊ लागली, तर गायक नुसत्या नजरेने सांगतो आणि वादक हात आवरतो. झालेली चूक वाऱ्यावर विरून जाते आणि दुसऱ्या दिवशी कोणास आठवतही नाही. ध्वनिमुद्रणात ही सवड नाही. तेथे जे एकदा कोरले गेले, ते पन्नास वर्षांनीही जसेच्या तसे ऐकू येते. मैफलीतला सोबती एका संध्याकाळचा. ध्वनिमुद्रिकेतला सोबती जन्माचा. म्हणून त्याची निवड जपून करावी लागते.

मराठी गीतांच्या या व्यवहाराशी ठाणे आणि कल्याणच्या परिसराचे जुने नाते आहे. मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी १८५३ साली ठाण्यास आली आणि पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणास पोहोचला. ध्वनिमुद्रणाची मोठी दालने मुंबईत राहिली. परंतु गीते लिहिणारी, चाली बांधणारी आणि वाद्ये वाजविणारी कितीतरी माणसे या लोहमार्गाच्या कडेने वसली. जनकवी पी. सावळाराम ठाण्याचे. या शहराचे नगराध्यक्षपदही त्यांनी भूषविले. सासरी निघालेल्या मुलीचे आणि तिच्या आईचे मन ओळखणारी त्यांची गीते, वसंत प्रभु यांच्या चालींवर आणि लता मंगेशकर यांच्या कंठातून, घराघरांत पोहोचली. श्रीनिवास खळे यांनीही २ सप्टेंबर २०११ रोजी ठाण्यातच अखेरचा श्वास घेतला. खळे यांच्या चाली ऐकावयास सोप्या आणि गावयास अवघड. त्यांची वळणे अशी नाजूक, की जे वाद्य एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अलगद घसरत जाऊ शकत नाही, ते त्या चालीमागे धावताना धापा टाकू लागते.

आज संगीतकार वाद्य निवडतो असे आपण म्हणतो. एके काळी मात्र ही निवड यंत्र करीत असे. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे; त्या आवाजाच्या धक्क्याने सुई थरथरावयाची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटावयाची. अशा कर्ण्यापुढे ज्याचा आवाज खणखणीत त्याचे राज्य. तंबोऱ्याचा मऊ झंकार कर्ण्यापर्यंत पोहोचेपर्यंतच विरून जाई. विलायतेतही हीच अडचण होती. तेथे व्हायोलिनचा नाद पुरेना, म्हणून ऑगस्टस स्ट्रोह नावाच्या गृहस्थाने लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णा बसविलेले व्हायोलिन तयार केले आणि १८९९ साली त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. वाद्याचा गोडवा गेला, पण ते तबकडीवर ऐकू येऊ लागले. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन मुद्रणासाठी आला आणि पारडे फिरले. आता कुजबुजही मुद्रित होऊ लागली. ज्याचा आवाज मोठा तो नव्हे, तर ज्याचा आवाज गाण्याला शोभेल तो सोबती निवडता येऊ लागला. स्वातंत्र्य मिळाले, परंतु त्याबरोबर जबाबदारीही आली.

यंत्राने एक बंधन काढले तरी दुसरे राहिलेच होते. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तीन मिनिटे म्हणजे एकशे ऐंशी सेकंद. त्यांत धृपद यावयाचे, दोन-तीन अंतरे यावयाचे, आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर धृपदाची ओळ पुन्हा यावयाची. आरंभीच्या वाद्यसंगीताने वीस सेकंद घेतले आणि दोन अंतऱ्यांमधल्या जागांनी आणखी पंधरा-पंधरा घेतले, तर कवीच्या वाट्याला सव्वादोन मिनिटेसुद्धा उरत नाहीत. म्हणून त्या काळचा संगीतकार वाद्यांच्या बाबतीत घरखर्च चालविणाऱ्या गृहिणीसारखा वागे. बासरीला चार सेकंद दिले, तर त्या चार सेकंदांत तिने काय सांगितले याचा हिशेब तो मागे. सासरी निघालेल्या लेकीचे गाणे असेल, तर आरंभीच्या दोन सुरांतच उंबरठा ओलांडल्याचे कळले पाहिजे. त्या पिढीची गाणी आजही ताजी वाटतात, याचे एक कारण ही काटकसर आहे. त्यांत शोभेसाठी म्हणून ठेवलेले वाद्य सहसा सापडत नाही.

वाद्यांच्या निवडीवरून आपल्या देशात एक मोठा वाद झाला. तो समजून घेण्यासारखा आहे. त्या वादाचा विषय म्हणजे आपल्या ओळखीची हार्मोनियम, घरगुती भाषेत पेटी. ही मूळची फ्रान्समधली. १८४० च्या सुमारास ती तेथे घडली आणि युरोपियनांबरोबर हिंदुस्थानात आली. इकडल्या कारागिरांनी तिचे पायाने हलवावयाचे भाते काढून हाताने हलवावयाचा भाता बसविला, आणि ती मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांच्या पुढ्यात आली. भजनी मंडळांनी ती उचलली, कीर्तनकारांनी उचलली. मराठी संगीत नाटक तर पेटी आणि ऑर्गन यांच्या सुरांवरच वाढले.

तिच्यावर आक्षेप होता तो असा. पेटीचे स्वर पट्ट्यांमध्ये कायमचे बांधलेले असतात. एका सप्तकात बारा पट्ट्या, आणि त्या बारांमधील अंतरे समसमान. गळ्यातून निघणारा नैसर्गिक स्वर मात्र या समान वाटणीत बसत नाही. षड्ज दर सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर त्याच्याशी पूर्णपणे जुळणारा शुद्ध गांधार ३०० कंपनांवर येतो. पेटीचा गांधार मात्र सुमारे ३०२.४ कंपनांवर असतो. फरक दिसावयास क्षुल्लक, पण तयार कानाला तो डोळ्यात गेलेल्या कुसळासारखा बोचतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मिंड पेटीतून निघत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनाही हे वाद्य पसंत नव्हते. अखेर १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या केंद्रांची दारे बंद केली.

पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले, तेव्हाही ही बंदी उठलेली नव्हती. ग. दि. माडगूळकरांनी गीते लिहावी, सुधीर फडके यांनी चाली बांधाव्या, आणि आठवड्याला एक याप्रमाणे ती लोकांपुढे यावी, असा हा उपक्रम वर्षभर चालला आणि छप्पन्न गीतांनी तो पूर्ण झाला. तेथे व्हायोलिनची साथ प्रभाकर जोग यांची. पुढे 'गाणारे व्हायोलिन' म्हणून त्यांचा लौकिक झाला. गाण्याचे शब्द ज्याला ठाऊक आहेत, त्याला ते त्यांच्या गजातून अक्षरशः ऐकू येत. व्हायोलिनसुद्धा परदेशीच, परंतु त्याच्या गळ्यावर पट्ट्यांची कुंपणे नाहीत, आणि म्हणून मराठी शब्दाचे वळण ते हुबेहूब घेऊ शकते. गंमत अशी, की हेच गीतरामायण सुधीर फडके गावोगावी रंगमंचावर गाऊ लागले, तेव्हा त्यांच्या पुढ्यात पेटी असे, आणि त्या पेटीमुळे रामकथेचा रस उणावला असे कोणी म्हणाले नाही.

यावरून काय दिसते? पेटीवरचा आक्षेप खोटा नव्हता. शिक्षा मात्र सरसकट होती. ज्या रागात गांधाराच्या सूक्ष्म छटेवर सारे सौंदर्य उभे आहे, तेथे पेटी अडखळेल. परंतु जेथे शब्द एकेक पाऊल टाकीत चालला आहे, ताल ठसठशीत आहे आणि दहा माणसांनी मिळून गावयाचे आहे, तेथे तिच्याइतका भरवशाचा सोबती मिळणे कठीण. वाद्याचा दोष पाहावयाचा तो त्याच्या जागेवर पाहावा. त्याच्या जातीवर शिक्का मारू नये. १९७१ साली आकाशवाणीनेही आपला निर्णय काही अंशी सैल केला.

या जुन्या वादाचे एक उत्तर ठाण्यातून आले, ही या परिसराला भूषणावह गोष्ट. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक हे व्यवसायाने वैद्यक क्षेत्रातले आणि वृत्तीने हार्मोनियमवादक. आपल्या परंपरेत सप्तकाच्या बावीस श्रुती मानतात. षड्ज आणि पंचम हे दोन अचल. उरलेल्या दहा स्वरांच्या प्रत्येकी दोन छटा. असे मिळून बावीस. डॉ. ओक यांनी या बावीसही श्रुती वाजविता येतील अशी हार्मोनियम सिद्ध केली. रागाला गांधाराची कोणती छटा हवी, ते वादकाने आधी ठरवावे आणि त्याप्रमाणे पेटी लावून घ्यावी. मिंड अर्थात पट्ट्यांच्या वाद्यातून येणार नाही ती नाहीच. तरीही शंभर वर्षे ज्या वाद्याला 'तुला सूर नाही' म्हणून हिणविले गेले, त्याची बाजू कोणी भांडून न मांडता काम करून मांडली. वाद मिटविण्याचा याहून शहाणपणाचा मार्ग कोणता?

मग संगीतकाराने सोबती निवडावा तरी कसा? त्याचे काही ठोकताळे आहेत, आणि ते व्यवहारातल्या शहाणपणासारखेच साधे आहेत. पहिला म्हणजे आवाजाचा पल्ला. गायिकेचा आवाज ज्या उंचीवर फिरत असेल, त्याच उंचीवर बासरीही सतत फिरू लागली, तर अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्यांसारखी स्थिती होते. अशा वेळी बासरीने खालच्या सुरांत उतरावे, किंवा गायिका श्वास घेण्यासाठी थांबेल तेवढ्यापुरते बोलावे.

दुसरा ठोकताळा नादाच्या आयुष्याचा. सतार आणि संतूर यांच्या तारेवर आघात झाला की नाद उमटतो आणि लगेच मावळू लागतो. दवाचे थेंब पडावेत तसे ते स्वर सुटे सुटे असतात. सारंगी, व्हायोलिन आणि बासरी यांचा नाद मात्र गज किंवा श्वास चालू असेतोवर पाण्याच्या धारेसारखा अखंड राहतो. संथ गाण्यात शब्दांमध्ये मोठी मोकळी जागा असते. ती धारेने भरावी की थेंबांनी शिंपावी, की तशीच मोकळी ठेवावी, हे गीताचा अर्थ पाहून ठरवावयाचे.

तिसरी गोष्ट म्हणजे वाद्याची पूर्वस्मृती. प्रत्येक वाद्य आपल्या गाठोड्यात जुन्या आठवणी घेऊन येते. सनई वाजली की मांडव आठवतो. डफ आणि तुणतुणे म्हणजे शाहीर, संबळ म्हणजे गोंधळ, ढोलकी म्हणजे फड, टाळ-मृदंग म्हणजे पंढरीची वाट. एका आघातात जे चित्र उभे राहते, त्यासाठी कवीला चार ओळी खर्चाव्या लागल्या असत्या. पण ही स्मृती दुधारी आहे. शोकाच्या गाण्यात नकळत ढोलकीचा ठेका आला, तर ऐकणाऱ्याचे पाय हलू लागतात आणि डोळे कोरडे राहतात.

हे ठोकताळे सांभाळताना देशी आणि परदेशी असा भेद मात्र फारसा कामाचा नाही. कल्याण, डोंबिवली आणि भिवंडीच्या खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्त्यांत हळदीच्या रात्री बेंजो वाजल्याशिवाय समारंभ रंगत नाही. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले हे तारांचे वाद्य मूळचे जपानचे. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी ते तयार केले. आपल्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झाले आणि विजेची जोड मिळून हळदीच्या अंगणात बेंजो म्हणून नाचू लागले. आज आगरी-कोळी गीत मुद्रित करताना बेंजो घेतला, तर ते परके कोणासच वाटत नाही. उलट, याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातला, म्हणजे २०१४ साली वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातला, वारल्यांचा तारपा पूर्णपणे या मातीतला आहे. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांपासून तो बनतो, आणि वादकाभोवती नाचणाऱ्यांची साखळी रात्र रात्र फिरत राहते. पण हा तारपा ज्या गाण्यात फक्त 'आदिवासी रंग' आणण्यासाठी दोन सेकंद वाजविला जातो, तेथे तो सोबती राहत नाही. मिरवणुकीत शोभेला आणलेला पाहुणा होतो. वाद्य आपले होते ते जन्मस्थानामुळे नव्हे, तर त्याला दिलेल्या कामामुळे.

पूर्वी मुंबईच्या चित्रपटगीतांसाठी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वादक एकत्र बसत. त्यांत गोव्याच्या वादकांचा मान मोठा; अँथनी गोन्साल्विस आणि सेबास्तियन डिसूझा यांच्यासारखे जाणकार प्रत्येक वादकाच्या वाट्याचे स्वर कागदावर लिहून देत. एकाने चूक केली की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे दृश्य वेगाने पालटले. एकेका वाद्याचा एकेक स्वर आधी मुद्रित करून तो यंत्रात साठविता येऊ लागला, आणि एकाच माणसाच्या दहा बोटांखाली सारा वाद्यवृंद आला. त्यामुळे कितीतरी कसलेल्या वादकांच्या घरचे उत्पन्न आटले, हे विसरता येत नाही. त्याचबरोबर, ज्याच्याजवळ मोठ्या दालनाचे भाडे भरावयास पैसे नाहीत, अशा गरीब गायकाचे गाणेही मुद्रित होऊ लागले, हेही खरे. आज डोंबिवलीतल्या एखाद्या इमारतीत दहा फूट लांबीच्या खोलीत एक संगणक, एक मायक्रोफोन आणि भिंतींना लावलेल्या जाड गाद्या एवढ्या सामग्रीवर गाणे तयार होते.

अशाच एका खोलीतला एक तरुण संगीतकार आपण डोळ्यांसमोर आणू. कल्याणपलीकडच्या एका गावातल्या वृद्ध धवलारणीचे गाणे त्याला मुद्रित करावयाचे आहे. आगरी समाजात लग्नाचे विधी गाऊन पार पाडणारी स्त्री ती धवलारीण, आणि तिची गाणी ते धवले. मराठीत हा शब्द फार जुना आहे. तेराव्या शतकातल्या महदंबेने रचलेल्या विवाहगीतांनाही धवळे असेच म्हणतात. या वृद्धेची गाणी कोठे लिहिलेली नाहीत. तिच्या गावात नव्या मुली आता ती शिकत नाहीत. तिच्या मागे जे काही उरेल, ते या तरुणाच्या यंत्रात उरेल. पुढेमागे तिची एखादी पणती हे गाणे शिकू म्हणेल, तेव्हा तिचा गुरू म्हणजे हीच ध्वनिमुद्रिका.

आजी दोन शेजारणींना बरोबर घेऊन आली. तिघींनी गाणे म्हटले, चहा घेतला आणि त्या बाकावर टेकल्या. तरुण उत्साहाने कामास लागला. त्याच्या यंत्रात शेकडो वाद्ये तयार होती. लग्नाचे गाणे, म्हणून त्याने आधी सनई घातली. हळदीची आठवण यावी म्हणून बेंजो घातला. तरुण मंडळींना आवडावे म्हणून ढोलाचा ठेका भरला, आणि पोकळी वाटू नये म्हणून खाली व्हायोलिनांचा एक थर पसरला. मग मोठ्या अपेक्षेने त्याने ते आजीला ऐकविले.

आजीने शेवटपर्यंत ऐकले. मग ती हळूच म्हणाली, "चांगलं वाजतंय रे बाळा. पण यात मी कुठं हाय?"

तरुण काही बोलला नाही. त्याने पुन्हा कानांवर यंत्र चढविले आणि एकेक वाद्य बंद करून पाहू लागला. ढोल बंद केला, तेव्हा कळले की आजी ठरावीक ठेक्यावर गातच नव्हती. शब्द लांबला की तिचा तालही लांबत होता, आणि ढोलाने त्याला उगाच चौकटीत कोंबले होते. बेंजो बंद केला, तेव्हा तिच्या स्वराच्या टोकाशी असलेले एक लहानसे हेलकावणे ऐकू आले. ते बेंजोच्या कोणत्याही कळेत नव्हते. सनई बंद केली, तेव्हा देवांना लग्नाला बोलावताना तिच्या आवाजात येणारी आर्जवी हाक मोकळी झाली. शेवटी व्हायोलिनांचा थरही गेला. खोलीत फक्त आजीचा थकलेला, किंचित घोगरा आवाज उरला.

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की हा आवाज एकटा नाही. आजीचा श्वास जेथे संपत होता, तेथे तिच्या शेजारणी तीच ओळ उचलून धरीत होत्या. तिला विसावा मिळेपर्यंत त्या गाणे खाली पडू देत नव्हत्या, आणि ती पुन्हा गाऊ लागली की आपला आवाज मागे घेत होत्या. ना पुढे धावणे, ना मागे रेंगाळणे. त्या दोघींसाठी वेगळा मायक्रोफोन लावावा, हे त्याला सुचलेच नव्हते. त्यांचे आवाज दुरून, पुसट आले होते.

त्याने गाणे पुसले आणि खुर्ची मागे सारून तो उठला. बाकावर बसलेल्या दोघींपुढे त्याने दुसरा मायक्रोफोन आणून ठेवला, आणि तिघींना पुन्हा एकवार पहिल्यापासून गाण्याची विनंती केली.